माळाची माती आणि राबाची माती

"तुम्ही अणूच्या खात्यात होत्या ना? मग बाँब बघितला का?" धुळ्यात आमच्या कॉलनीत हा प्रश्न मला अजून विचारतात. नाही हो, बाँब कुठला बघते! मी माती बघितली. सगळी नोकरी तीच खणली, वाळवली, कुटली, चाळली, डब्यात भरली, मोजली आणि पुन्हा पिशवीत घालून मांडणीवर ठेवली. माझं लग्न ठरत होतं तेव्हा जळगावच्या एका पाहुण्यांनी वडिलांना विचारलं, "मुलगी नेमकं काय करते?" वडील सरळ माणूस. म्हणाले, "माती मोजते." पाहुण्यांना वाटलं, मुलगी रोजगार हमीच्या कामावर आहे. ते स्थळ तिथंच मोडलं, आणि बरंच झालं.

तर काम काय होतं ते आधी सांगते. आमच्या धुळे जिल्ह्याच्या हद्दीपलीकडे, गुजरातेत, एक अणुवीज केंद्र उभं राहत होतं. असं केंद्र सुरू होण्याआधी काही वर्षं आसपासची माती, पाणी, दूध, धान्य सगळं मोजून ठेवावं लागतं. का, तर घर भाड्यानं देताना शहाणा मालक भिंतीला आधीच किती भेगा आहेत ते लिहून ठेवतो, तसंच हे. उद्या मातीत काही सापडलं तर ते केंद्रातून आलं की पहिल्यापासूनच होतं, हे सांगता यायला नको? त्यासाठी केंद्राजवळची माती लागते आणि तुलनेला दूरची, जिथं केंद्राचा वारासुद्धा पोचणार नाही अशी. ती दूरची माती केंद्रालगतच्या आमच्या प्रयोगशाळेत आणायचं काम माझ्याकडे. साक्री, पिंपळनेर, तिकडचे डोंगर. आमचे साहेब दूरच्या प्रांतातले, त्यांना आमची अहिराणी ओ की ठो कळत नसे. म्हणून एका बाईला जीप मिळाली, एरवी मिळाली नसती.

आता बाहेरच्या माणसाला पटत नाही ती गोष्ट. किरणोत्सार सगळ्या मातीत असतो. थोडा धरतीच्या जन्मापासूनचा, थोडा पोटॅशियमचा. शिवाय मोठ्या देशांनी मागे आकाशात बाँब फोडून बघितले, त्याची धूळ पावसाबरोबर साऱ्या जगावर पडली. त्या धुळीतलं सीझियम नावाचं द्रव्य अजून जमिनीच्या वरच्या चार बोटांत बसून आहे. आमच्या खान्देशातही आहे. कमी आहे, निरुपद्रवी आहे, पण आहे. जमीन नांगरली की ते खालीवर होतं आणि मोजमाप बिघडतं. म्हणून आम्हाला न नांगरलेली जमीन लागते. मोठ्या केंद्राच्या शास्त्रज्ञबाई म्हणून लोक माझ्याकडे बघायचे आणि मी विचारायची, "तुमचं स्मशान कुठे आहे?" अहो, न नांगरलेली जागा गावात असते किती? स्मशान, देवाची जागा, शाळेचं मैदान आणि माळ.

रावेरकडे माझे मामा केळीवाले. त्यांच्या केळीच्या खोडाची राख मी एकदा यंत्रात घालून बघितली आणि हौसेनं सांगायला गेले, "मामा, पोटॅशियम काय दिसतंय तुमच्या राखेत! यंत्र नुसतं चमकतंय." मामांचा चेहरा उतरला. "हळू बोल," म्हणाले, "व्यापारी बसलाय ओट्यावर." मी खूप समजावलं की हे सगळ्या पिकांत असतं, तुमच्या-माझ्या हाडामांसातही असतं, राखेत ते गोळा होऊन जास्त दिसतं इतकंच. मामा वर्षभर माझ्याशी धड बोलले नाहीत. पण त्या राखेनंच पुढं मला मोठ्या घोळातून वाट दाखवली.

आग्रा रोडवर एकदा नाक्याच्या हवालदारांनी जीप अडवली. "पिशव्यांत काय?" "माती." "पंचवीस पिशव्या माती?" "हो." "सरकारी जीपमधून?" "हो." त्यांनी एक पिशवी उघडून वास घेतला, चिमूट जिभेवर ठेवली, थुंकले, आणि आमचे ड्रायव्हर धनराज नाना यांना बाजूला घेऊन विचारलं, "बाई बरी आहे ना?" नाना गंभीरपणे म्हणाले, "चांगल्या घरची आहे, साहेब."

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसले ती.

नव्वद सालाच्या आसपासचा उन्हाळा. पिंपळनेरच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याला एक पाडा आहे. नाव लिहीत नाही, त्या पाड्याला एकदा नावापायी त्रास झालेला आहे. तिथं देवमन आबांच्या शेतावर एक माळाचा तुकडा होता, आजोबा-पणजोबांपासून नांगर न लागलेला. तांबूस मुरमाड माती, खुरटं गवत. मला हवी तशीच जागा! मी चौकट आखून खणायला लागले तसे आबा अस्वस्थ झाले.

"आठे काय शे बाई? नुस्ता मुरूम शे," ते म्हणाले. "मन्हा राब तठे खाले शे. काळीभोर माटी. ती ल्या ना."

"आबा, मला न नांगरलेलीच पाहिजे."

"न नांगरेल माटी कोन लेस बरं?"

मी हसले आणि खणत राहिले. तिथला राब म्हणजे काय, तेही सांगते. पावसाआधी शेताच्या एका तुकड्यावर झाडाच्या फांद्या, पाला, शेण यांचे थर रचून जाळतात आणि त्या राखेच्या मातीत भाताचं आणि नागलीचं, म्हणजे नाचणीचं, रोप टाकतात. घरातली उत्तम माती म्हणजे राबाची. पिशवी भरून मी चिठ्ठी लिहिली: गाव, जागा, खोली, जमीनमालकाचं नाव. आबांनी काय लिहिलं ते विचारलं. मी वाचून दाखवलं. "मन्हं नाव?" एवढंच म्हणाले आणि पिशवीतल्या मुरमाकडे बघू लागले. माझ्या ते ध्यानातही आलं नाही.

पिशवी आणून घराच्या ओट्यावर ठेवली तेवढ्यात आबांच्या घरच्या अक्का दारात आल्या. "उनमा कसाले बठनी माय? घरमा ये, भाकर खाई ले."

इथं मला एक उघड बोललं पाहिजे. आम्ही धुळ्याचे बौद्ध. खालच्या सपाटीवरच्या कितीतरी गावांत मी गेले की आधी "बाई, चहा घ्या," मग "आडनाव काय?" आणि मी सुरवाडे म्हटलं की चहा बशीतून बाहेर ओट्यावर. कुठं मुकाट पाण्याचा तांब्या वरून ओंजळीत. सगळीकडे नाही, पण इतक्या ठिकाणी की मी माझं जेवण जीपमध्ये बसूनच खायचे, आणि कुणी विचारलं तर कधी कधी नुसतं पहिलं नाव सांगून मोकळी व्हायचे. अक्कांनी काही विचारलं नाही. घरात बोलावलं, चुलीपाशी पाट दिला, नागलीची भाकर आणि लसणाची चटणी वाढली. मी आत गेले. खूप सुखानं जेवले. पिशवी बाहेर ओट्यावर राहिली. आमच्या कामाचा पहिला नियम असा की नमुना बंद होऊन जीपमध्ये कुलूपबंद होईपर्यंत नजरेआड करायचा नाही. तो मी मोडला.

जेवून आले, आत न बघताच पिशवीचं तोंड बांधलं, निघाले. वाळवण-चाळण दुसऱ्या माणसाकडे असायचं. माझ्यासमोर आला तो थेट आकडा. त्या पिशवीत सीझियम बाकी ठिकाणांपेक्षा कितीतरी पट जास्त निघालं होतं.

साहेब चष्मा कपाळावर चढवून कागदाकडे बघत राहिले. केंद्र तर अजून सुरूच व्हायचं होतं! मग आलं कुठून? त्याच आठवड्यात माझ्या मुलीला गोवर आला आणि मी रजेवर गेले. तोवर साहेबांनी तिघांना पुन्हा मोजायला पाठवलं. पांढरे कोट, गमबूट, हातात टिकटिकणारं यंत्र. ते यंत्र कुठंही धरलं तरी थोडं टिकटिकतंच, देव्हाऱ्यात धरा नाहीतर गोठ्यात. पण पाड्याला काय ठाऊक? ती माणसं दारोदार यंत्र धरून फिरली, माळाची माती पुन्हा भरली आणि कुणाशी चार शब्द न बोलता निघून गेली. नवी माती अगदी साधी निघाली. साहेबांनी ठरवलं, पहिल्या वेळी यंत्रात दोष असावा, तो नमुना रद्द. त्यांच्या दृष्टीनं विषय संपला.

मी कामावर आले तेव्हा धनराज नानांनी जीप पुसता पुसता सांगितलं, "बाई, तुमच्या आबांच्या पाड्याचं दूध बंद झालं."

"बंद म्हणजे?"

"दुधाची गाडी फाट्यावर थांबत नाही. बाजारात बोंब आहे, तिथली जमीन अणूनं नासली म्हणून."

त्या पाड्याला दुसरं काय होतं? पाऊस झाला तर नागली, आणि बारा महिने हे दूध. मी तशीच दूध संकलन केंद्राच्या चेअरमनकडे गेले. तावातावानं म्हणाले, "अहो, अणुवीज केंद्र अजून सुरूसुद्धा झालेलं नाही!"

"मग तुमची माणसं कोट घालून कशाला आली होती?" ते शांतपणे म्हणाले. मी दोन्ही मोजण्यांची हकीकत सांगितली, पहिला नमुना रद्द झाला हेही. ते म्हणाले, "बाई, मी पन्नास गावांचं दूध एका टाकीत ओततो. उद्या कुणी बोट दाखवलं तर पन्नास गावं बुडतील. मला लिहून द्या, पहिली माती खराब का निघाली आणि दुसरी चांगली का निघाली. नुसतं 'रद्द' लिहून आणाल तर मी समजेन, प्रकरण दाबलं."

माणूस चुकीचं बोलत नव्हता. मी प्रयोगशाळेत परतले आणि पहिल्या नमुन्याची उरलेली माती मांडणीवरून काढून कागदावर पसरली. बघते तर काय! मी खणली होती तांबूस मुरमाड. ही काळी, भुसभुशीत, आणि तिच्यात कोळशाच्या कण्या. मग मोजणीचा आलेख पुन्हा काढला. पोटॅशियमही भलतंच वर. मला रावेरचे मामा आठवले. राख! झाडं मातीतून जे थोडं थोडं ओढतात ते राखेत गोळा होतं, बाँबच्या जुन्या धुळीसकट. कुणीतरी माझ्या पिशवीत राबाची माती भरली होती. आणि कुणी, हे काही कोडं नव्हतं.

आबा ओट्यावर बसले होते. आधीचा माणूसच राहिला नव्हता. पाड्यातल्या बायका दूध वासरांना पाजत होत्या, उरलेलं विरजत होत्या, पण ताक तरी किती पिणार? आबांनी मला बघितलं आणि आधीच विचारलं, "मन्ही माटी खराब शे का बाई?"

"आबा, मी माळावर खणलेली माती कुठे गेली?"

आबा म्हणाले, "मी बदली टाकी. तुम्ही भाकर खाई राह्यन्यात ना, तवळ."

"का?"

"कागदवर मन्हं नाव, नि पिशवीमा मुरूम. सायबलोके देखतीन ते काय म्हनतीन? देवमनना वावरमा नुस्ता मुरूम शे म्हनतीन. म्हनीसन राबनी चांगली माटी भरी दिधी. माले काय मालूम असं व्हई?"

मला इतका संताप आला की काय सांगू! मी ओरडले. सरकारी कामात हात घातलात, साऱ्या गावाला खड्ड्यात घातलंत, वगैरे जे तोंडाला आलं ते बोलले. अक्का आतून पाणी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "पानी पी माय." ते पाणी पिताना माझी मलाच लाज वाटली. शेतीखात्याचे लोक माती तपासायला येतात, चांगल्या मातीला चांगलं म्हणतात, हेच त्यांनी पाहिलेलं. पाहुणीच्या हाती आपल्या घरची वाईट वस्तू जाऊ नये, म्हणून त्यांनी घरातलं उत्तम ते दिलं होतं. आणि ओट्यावरून पिशवी उचलता आली, कारण तिच्याजवळ मी नव्हते.

राबाची थोडी माती भरून घेतली. या वेळी पिशवी मांडीवरून हलवली नाही. मोजली. पहिल्या नमुन्याशी तंतोतंत जुळली. झालं, पुरावा हाती होता. फक्त तो कागदावर उतरवायचा तर माझी चूक उतरवावी लागणार होती.

साहेबांनी सगळं ऐकलं. ते वाईट माणूस नव्हते, हे मी आजही म्हणते. "बाई," ते म्हणाले, "हे लिहिलंत तर मला कारवाई करावी लागेल. बढतीचा कागद वर गेलाय तुमचा. आणि वरचे म्हणतील, बघा, म्हणूनच बायकांना बाहेर पाठवायचं नसतं. यंत्राचा दोष लिहून टाका. यंत्राला काही बढती नको असते."

"यंत्र बरोबर होतं, साहेब. पिशवीत जे होतं तेच त्यानं सांगितलं."

"एका पाड्याच्या दुधासाठी एवढं?"

"हो, एवढं."

मी खाली बसले आणि एका दमात लिहिलं: नमुना माझ्या ताब्यात असताना मी तो नजरेआड ठेवला. त्या वेळात त्यात राब भाजलेल्या जागेची राखमिश्रित माती भरली गेली. वाढलेला आकडा त्या राखेचा आहे. अशी राख कुठल्याही लाकडाच्या चुलीत मिळेल आणि तिच्यापासून जनावरांना, दुधाला कसलाही धोका नाही. माळाच्या जमिनीची मोजणी सामान्य आहे. खाली सही, पूर्ण आडनावासकट. ती भाकर आणि तो पाट यांच्यासाठी अहवालात रकाना नव्हता.

साहेबांनी खूप वेळ घेतला, पण शिक्का मारला. चेअरमननी ते पत्र दोनदा वाचलं. "हे तर तुम्ही स्वतःच्याच विरुद्ध लिहिलंय," म्हणाले. मी म्हटलं, "म्हणून तरी खरं वाटेल." त्यांनी पत्राची प्रत बाजाराच्या दिवशी भिंतीवर लावली, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी दुधाची गाडी फाट्यावर थांबली. नाना मुद्दाम बघून आले होते.

माझं काय झालं? बढती गेली ती गेली. पण आदेशही निघाला की पुढील सूचनेपर्यंत महिला कर्मचाऱ्यांनी नमुने आणायला बाहेर जाऊ नये. महिला कर्मचाऱ्यांनी! चूक एकीची, आणि उंबऱ्याच्या आत सगळ्या. माझ्यामागून लागलेल्या दोन मुली होत्या, हुशार, डोंगर चढायला तयार. त्यांच्या वाट्याला खिडकीतून दिसणारी जीप आली. त्यातली एक मला म्हणाली, "ताई, एक ओळ कमी लिहिली असती तर?" मी दरवर्षी तो आदेश उठवायचा अर्ज करत राहिले. उठायला बरीच वर्षं लागली आणि तोवर तिनं नोकरी सोडली होती. याचं मला वाईट वाटतं. पत्र लिहिलं याचं नाही वाटत.

आदेश निघाल्यावर महिनाभरानं फाटकावरच्या शिपायाचा निरोप आला, कुणी म्हातारा तुम्हाला विचारतोय. जाऊन बघते तर देवमन आबा. धुतलेला सदरा, नवी टोपी. दोन एसट्या बदलून हद्द ओलांडून आले होते. नानांनी त्यांना माझी हकीकत सांगितली होती.

मी त्यांना साहेबांकडे नेलं. आबा खुर्चीवर बसेनात. उभ्यानंच म्हणाले, "सायेब, मन्हा अंगठा ल्या. माटी मी बदली, बाईनी नही. बाईले बाहेर जाऊ द्या." मी हिंदीत सांगितलं, साहेबांनी स्वतःच्या हातानं लिहून घेतलं. आबांनी माझ्या सहीच्या कागदाखाली जोडलेल्या त्या कागदावर अंगठा उठवला, दाबून, शाई बाजूला पसरेपर्यंत. साहेबांनी त्यांना चहा पाजला. आदेश काही उठला नाही. चूक माती बदलणाऱ्याची नव्हती, राखणारीची होती, आणि नियमाप्रमाणे ते बरोबरच होतं.

जाताना आबांना मी मोजणीची खोली दाखवली. यंत्राभोवतीचं शिशाच्या विटांचं जाड खोपटं, मांडणीवर शेकडो पिशव्या. त्यांनी हळूच विचारलं, "मंग मन्ही माळनी माटी कसी निंघनी?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी नोंदवही काढली, त्यांच्या नावाची ओळ बोटानं दाखवली. म्हटलं, "आबा, तुमची माळाची माती सगळ्यांत चांगली निघाली. कुणाचा हात न लागलेली, जशी पडली तशी. तुलनेसाठी पाया म्हणून आम्ही तीच धरली आहे. उद्या केंद्र सुरू झालं की दरवर्षी इकडची माती तिच्याशी ताडून बघणार."

"त्या मुरूमशी?"

"त्या मुरमाशी."

आबांनी ती ओळ पुन्हा बघितली. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी बघितली. टोपी काढली, हातात धरली आणि म्हणाले, "मंग मी उगाच बदली."